पाण्याची वाट

विमलवहिनी गेल्याची तार अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. शेजारच्या काकू तो कागद घेऊन स्वतः शाळेपर्यंत चालत आल्या, वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो माझ्या हातात दिला. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, अकोल्याहून केलेली तार होती. मी ती वाचली, घडी घातली आणि मुलींकडे पाठ करून आधी फळा पुसला. का पुसला, ते आज सांगता येणार नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं, एवढंच.

त्याआधी दोनेक आठवडे मी तिला अकोल्याला, तिच्या भावाकडे, पाहून आले होते. हृदयाचा आजार, पायांवर सूज, बोलताना लागणारा दम. उन्हाळा पेटला होता, खिडकीला वाळ्याचा पडदा लावलेला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी आल्याचं कळल्यावर वळली, हात हातात घेतला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "वन्सं, तुम्ही आता परत जा. पोरींच्या परीक्षा असतील." आम्ही दोघी जवळजवळ एकाच वयाच्या. मी तिला पहिल्यापासून तू म्हणत आले, पण तिच्या तोंडातलं 'तुम्ही' शेवटपर्यंत सुटलं नाही... दुखवट्याला आलेली माणसं तिच्या शिकवण्याबद्दल बोलली, हाताच्या चवीबद्दल बोलली, कमी बोलण्याबद्दलही बोलली. खदानीबद्दल कोणीच बोललं नाही. त्यांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो सगळा प्रकार पहिल्यापासून शेवटपर्यंत आम्ही दोघींनीच पाहिला होता, आणि आता मी एकटीच उरले आहे. म्हणून हे लिहिते आहे.

विमलवहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली ती बावन्न सालच्या सुमारास. माहेर अकोल्याच्या खालच्या अंगाला, खारपाण पट्ट्यात. तिकडे जमीन काळीभोर आणि कपाशी जोरदार, पण विहीर खणली की पाणी खारट लागतं. तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तिच्या गावात एकच विहीर गोड होती आणि साऱ्या गावाचा जीव त्या एका विहिरीत होता. आमच्या घरात पाऊल टाकल्यावर दुसऱ्या दिवशी ती आमच्या आडाचं पाणी प्यायली आणि शेजारच्या आडाचंही मागवून प्यायली. दोन्हींत फरक आहे म्हणाली. आई हसली. आमच्या घरात चाळीस वर्षं ते पाणी पिऊन कोणाला तो फरक कळला नव्हता.

माहेरच्या त्या गोड विहिरीची गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. ती सात-आठ वर्षांची असताना विहीर अचानक बिघडली. पाण्याला उग्र वास यायला लागला, गुरं तोंड फिरवू लागली, गावात उलट्या सुरू झाल्या. गावाने शोध लावला की हे एका विधवा बाईने केलं आहे. ती बाई एकटी राहायची, पोरांना बोलावून गुळाचा खडा द्यायची. एका दुपारी माणसं तिच्या घरी गेली. त्यानंतर ती बाई कोणाला दिसली नाही. तिचं घर तसंच उघडं होतं, चुलीवर भाकरीचा तवा होता... पुढे कॉलेजात रसायन शिकताना वहिनीच्या ध्यानात आलं, की विहिरीच्या वरच्या अंगाला रंगाऱ्याची कुंडं होती आणि त्याच साली त्यांतला गाळ एका खड्ड्यात लोटला होता. "पण हे सांगायचं कोणाला?" ती म्हणाली. "बाई तर गेली."

लग्नानंतर काही वर्षांनी ती अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. दादा वकील. त्याला बायकोच्या नोकरीचं कौतुकही नव्हतं आणि विरोधही नव्हता. बासष्ट-त्रेसष्टच्या आसपास असेल, कपाशीवर फवारायचं औषध करणारी एक कंपनी आमच्या भागात येणार अशी बोलवा उठली. औषध करताना उरणारा विषारी चोथा, बिघडलेला माल, वापरलेली पिंपं कुठे टाकायची यासाठी नांदगाव पेठेच्या पलीकडे, रिद्धपूरच्या वाटेवरच्या एका खेड्याजवळची जुनी दगडाची खदान पाहून ठेवली होती. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासून द्या, असं जागा ठरवणाऱ्या सरकारी समितीचं पत्र कॉलेजात आलं. प्रमुखांनी ते वहिनीच्या टेबलावर ठेवलं. बाटल्या येतील, तपासायच्या आणि लिहून द्यायचं, इतकं साधं काम. वहिनी म्हणाली, दुसऱ्याने भरलेल्या बाटलीतलं पाणी मी तपासणार नाही. बाईमाणसाने एकटीने खेड्यापाड्यांत फिरणं तेव्हा बरं दिसत नसे, म्हणून रविवारी मी तिच्यासोबत जाऊ लागले.

ती खदान मला पहिल्याच दिवशी आवडली नाही. गावापासून थोडी वर, चढावर. काळ्या दगडाचे उभे कातळ, त्यांच्या भेगांतून आलेली पिंपळाची रोपटी आणि तळाशी वाळलेला, भेगाळलेला चिखल. दिवाळी होऊन जेमतेम महिना झाला होता. पावसाळ्यात ही पुरुषभर भरते, असं पोलीस पाटलाने सांगितलं. मग एवढं पाणी गेलं कुठे, असं वहिनीने विचारलं. पाटील म्हणाला, "खदान पेते थे. दरसालचंच हाय."

आम्ही खाली उतरलो. तळाच्या एका कोपऱ्यात कातळाला वीतभर रुंदीची फट होती आणि चिखलातले सगळे ओघळ त्या फटीकडे वळलेले होते. वहिनीने कळशीभर पाणी तिथे ओतलं. पाणी आत गेलं. मग खालून, बऱ्याच खोलवरून, आवाज आला. तहानलेल्या माणसाने घटाघटा पिताना येतो, तसाच. वहिनीने मान तिरपी करून फटीला कान लावला आणि पुष्कळ वेळ तशीच ओणवी राहिली. मला मात्र तिथून लवकर निघावंसं वाटत होतं. वर पाहिलं तर खदानीच्या काठावर एक म्हातारी उभी होती. ती आमच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर त्या फटीवर होती.

तिचं नाव सखूबाई. काठावरच्या झोपडीत एकटी राहायची. तिच्या मुलीची, गिरजाची हकिगत आम्हाला गावातल्या बायकांनी सांगितली. गिरजा लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी आली, नवं हिरवं लुगडं नेसून खदानीवर धुणं धुवायला गेली आणि परतली नाही. धुणं काठावर होतं. पाणी ओसरेपर्यंत लोकांनी वाट पाहिली. तळ कोरडा झाला, तरी तिथे काही सापडलं नाही. हाड नाही, बांगडी नाही, लुगड्याची चिंधी नाही. सासरची माणसं म्हणाली, पोरगी कोणाचा तरी हात धरून पळाली. गावानेही हळूहळू तेच धरलं. सखूबाई एकटीच म्हणत राहिली, की माझी पोर पळाली नाही, पाण्यासोबत आत गेली. तिने खदानीचा काठ सोडला नाही. पुढेपुढे लोक तिला भिऊ लागले. ती दुपारी त्या फटीपाशी बसून पोरीशी बोलते, असं सांगत.

समितीने गावालगतच्या नाल्याच्या अलीकडच्या, खदानीला जवळ असलेल्या विहिरी तपासायला सांगितल्या होत्या. वहिनीने त्या तपासल्या. बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने पुन्हा पुन्हा विसळायची, मगच भरायची, काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. प्रयोगशाळेत पाणी पिवळ्याचं विटकरी होईपर्यंत थेंब थेंब रसायन टाकून त्यातला खार मोजायचा. पाणी चांगलं निघालं. तिने तसं लिहूनही दिलं असतं, तर कोणी काही म्हटलं नसतं. दादाही म्हणाला, विचारलं तेवढंच सांग. पण तिला चैन पडेना. "आज पाणी कसं आहे, हे सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "खदानीत विष पडल्यावर ते कोणाच्या घरी जाणार, हे कळायला पाहिजे."

तिने कॉलेजातून एक तांबूस भुकटी आणली. पाण्यात पडली की लखलखीत पोपटी होते आणि पिण्यात आली तरी अपाय करत नाही. पाटलाकडून नाल्याच्या अलीकडच्या सगळ्या घरांना तिने तसं कळवलं. मग बैलगाडीवरून पाण्याची पिंपं आणवली, भुकटी कालवली आणि ते सगळं त्या फटीत सोडलं. तो हिरवा लोट अंधारात शिरताना मी पाहिला. पुन्हा तोच घोट घेतल्याचा आवाज, पण या वेळी बराच वेळ. सखूबाई काठावरून खाली उतरून आली होती. तिने वहिनीला विचारलं, "तिले हाक मारून राहिल्या का, बाई?" वहिनीने नाही म्हटलं आणि हे कशासाठी आहे ते तिला शांतपणे समजावून सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं. तिला किती पटलं, कोण जाणे.

त्यानंतर काहीच झालं नाही. अलीकडच्या विहिरी स्वच्छच राहिल्या. दर रविवारी आम्ही जायचो, वहिनी पाणी उन्हात धरून पाहायची आणि बाटली खाली ठेवायची. समितीकडून अहवालाची विचारणा होऊ लागली. मला वाटू लागलं, रंग खडकातच जिरला असणार. रस्त्याने काळी वस्त्रं ल्यालेले महानुभाव रिद्धपूरकडे जात असायचे आणि बस येईपर्यंत आम्ही त्यांच्याकडे पाहत बसायचो.

मग एका रविवारी बसमधून उतरतो तोच गावात काहीतरी बिघडलं आहे हे जाणवलं. रस्त्यावर माणूस नव्हतं. नाल्याच्या पलीकडून गलका ऐकू येत होता. तिकडे किसनराव माळ्याचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू. त्याच्या विहिरीचं पाणी एवढं गोड, की अर्धं गाव नाला ओलांडून तिथून प्यायचं पाणी नेत असे. खदान आणि ती विहीर यांच्यामध्ये अख्खा नाला आडवा होता. त्या बाजूने पाणी जाईल, असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. वहिनीच्याही नाही. त्यामुळे तिकडे कोणालाच आधी काही सांगितलेलं नव्हतं. अलीकडच्यांना सांगितलं होतं ते त्यांच्या विहिरींपुरतं, आणि त्यालाही कितीतरी आठवडे उलटले होते.

मळ्यात शिरलो आणि मी जागच्या जागी थांबले. मोट अर्ध्यावर लटकत होती, बैल पुढे पाऊल टाकायला तयार नव्हते. पाटातून, वांग्यांच्या सरींमधून, झेंडूच्या मुळांशी हिरवं पाणी वाहत होतं. त्याला हिरवा म्हणतात खरं, पण तसा हिरवा रंग मी झाडापानात, कापडात, काचेत कुठेच पाहिला नाही. सावलीतसुद्धा तो आतून उजळत होता. बायकांच्या धुतलेल्या हातांवर तो होता, एका बकरीच्या तोंडावर होता. विहिरीत डोकावले तर खाली सगळं पाणी डोळा उघडल्यासारखं वर बघत होतं.

किसनरावच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं आणि मध्ये सखूबाई बसली होती. तिचं अर्धं लुगडं हिरव्या पाण्याने भिजलं होतं. ती विहिरीत वाकून "गिरजे, गिरजे" म्हणत असताना लोकांनी तिला मागे ओढलं होतं. हिरवं लुगडं नेसून गेलेली पोर हिरवी होऊन वर आली, म्हातारीने तिला बोलावून आणलं, आता विहीर नासली, गाव मरणार... हे एकजण बोलत नव्हता, सगळेच बोलत होते आणि कोणाचा आवाज फार चढलेला नव्हता. त्याचीच मला भीती वाटली. एका माणसाने सखूबाईच्या दंडाला धरलं होतं. वहिनीचा चेहरा मी पाहिला. तो इतका पांढरा पडलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. तिला काय दिसत होतं, ते मला कळत होतं. उघडं घर, आणि चुलीवरचा तवा.

ती गर्दीतून पुढे गेली, पाटाच्या कडेचा लोटा उचलला, विहिरीतून नुकत्याच शेंदलेल्या बादलीत बुडवला आणि सगळ्यांसमोर उभ्याने ते हिरवं पाणी प्यायली. सगळं. मग तोंड पुसलं आणि बोलू लागली. घरी, कॉलेजात ती आमच्यासारखं बोलायची. त्या अंगणात मात्र तिच्या तोंडून निखळ वऱ्हाडी आली. "हा रंग म्या टाकला. त्या खदानीत म्याच टाकला. या मायनं काई नाई केलं. रंगानं कोणी मरत नाई, पाहा, मी पेलो. पन त्या खदानीत औषधाचं विष पडलं तर थेबी याच वाटेनं येईन, अन् त्याले रंग नसन. तवा तुमाले दिसनारबी नाई." त्या माणसाने सखूबाईचा दंड सोडला. किसनराव खाली बसला आणि बराच वेळ पाटातल्या पाण्याकडे पाहत राहिला. त्याची नात त्या पाण्यावर वाढली होती.

गर्दी पांगल्यावर सखूबाई वहिनीजवळ आली. "म्हंजे वाट हाय," ती म्हणाली. "तठून अठी वाट हाय." वहिनीने होकाराची मान हलवली. म्हातारीने विचारलं, "मंग माही गिरजाबी याच वाटेनं गेली असन ना? पळाली नसन ना थे?"

ती फट वीतभराची होती. वहिनीने ती हाताने मोजली होती. मी जवळच उभी होते आणि मला मनापासून वाटत होतं, की हिने हो म्हणून टाकावं. वहिनीने हातातला लोटा पाटाच्या कडेला परत ठेवला. मग म्हणाली, "मले पान्याचंच समजते, माय. पानी गेलं, एवढं म्या पाह्यलं."

"पानी गेलं ना," सखूबाई म्हणाली. "मंग झालं."

परतताना बसमध्ये वहिनीने खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं होतं. मला वाटलं झोपली. पण ती जागी होती.

तिने अहवाल दिला. समितीत बरीच चर्चा झाली म्हणे. रंग विरघळतो, औषधाचा चोथा तसा विरघळणार नाही, शिवाय पिंपं बंद असतील, असं तिला सांगण्यात आलं. पिंपं गंजतात, आणि खडकाला घाई नसते, एवढंच ती म्हणाली. अखेर खदान वगळली गेली. ते अहवालामुळे झालं की हिरव्या विहिरीची बातमी बाजारांतून गावोगाव पोचून लोक बिथरले म्हणून, हे मला माहीत नाही. वहिनीच्या मते दुसरंच कारण खरं होतं. दादाने तो अहवाल घरी शांतपणे दोनदा वाचला आणि त्यानंतर तिला कधी काही म्हटलं नाही.

पण तेवढ्याने ते संपलं नाही. कारखाना सुरू झाला होता, चोथा निघायला लागला होता, तो कुठेतरी जातच असणार. कुठे, हे वहिनीने बऱ्याच ठिकाणी विचारलं. दुसरी जागा पाहिली आहे, ती फार लांब आहे, काळजी नको, असं उत्तर मिळालं. जागेचं नाव कोणी सांगितलं नाही, आणि तिथल्या विहिरींच्या बाटल्या कुठल्या प्रयोगशाळेत गेल्या हेही कळलं नाही. त्यानंतरच्या वर्षांत आमच्याकडे खेड्यावरून कोणीही आलं, दादाचा पक्षकार असो की भाजीवाली, की वहिनी पाण्याचा पेला पुढे करताना सहज विचारायची, "तुमच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो का हो?" माणसं गोंधळायची, हसायची, नाही म्हणायची. ती मान डोलवून आत जायची. एकदा एकजण हसला नाही. विचारात पडला आणि म्हणाला, अलीकडे गुरं पाणी पीत नाहीत खरी. वहिनीने गाव विचारलं. पण तो आमच्याकडचा नव्हता, कोणासोबत तरी आला होता, आणि सोबतचा माणूस बाहेरून घाई करत होता. त्याने गावाचं नाव सांगितलं तेव्हा रस्त्यावरून मोटार गेली आणि ते नीट ऐकू आलं नाही. वहिनी दारापर्यंत धावली. माणूस वळणावर दिसेनासा झाला होता... त्याचा पुन्हा पत्ता लागला नाही.

तिचे दिवसवार आटोपल्यावर मी एकटीच त्या खेड्याला जाऊन आले. सकाळची वेळ होती. किसनरावच्या विहिरीवर बायका जमल्या होत्या, पण कोणीच पाणी भरत नव्हतं. बादल्या, घागरी काठावर ठेवून सगळ्या उभ्या होत्या. सखूबाई आता पार वाकली आहे. ती काठी टेकत आली, विहिरीच्या कोनाड्यात हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली एक पांढरी चिनीमातीची बशी काढली. जवळच्या एका बाईने मला सांगितलं, की ही बशी वहिनीने दिली आहे. पहिल्या बादलीतलं पाणी या बशीत घ्यायचं, उन्हात पाहायचं, वास घ्यायचा आणि मगच भरायचं, असं ती सांगून गेली होती. तेव्हापासून सखूबाईने पाहिल्याशिवाय गावात कोणी घागर बुडवत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. वहिनीने घरी कधी सांगितलं नाही.

सखूबाईने मला ओळखलं. "बाई नाई आल्या?" असं विचारलं. मी सांगितलं. ती बशी हातात धरून तशीच उभी राहिली.  मग तिने विचारलं, "ते पिपे कुठी नेले, थे बाईले समजलं का मंग?"

"नाही, माय," मी म्हटलं. "नाही समजलं."

तिने पदराने बशी पुसली. कोणीतरी पहिली बादली शेंदून तीत पाणी ओतलं. तिने ती सूर्याकडे तिरपी धरली आणि पाहत राहिली, रोजच्यापेक्षा फार वेळ, हे मला आजूबाजूच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. मग नाकापाशी नेली. मग पुन्हा पाहिलं. "तठी कोन पाहत असन..." ती पुटपुटली. ते माझ्यासाठी नव्हतं.

शेवटी तिने पाणी मातीत ओतलं आणि म्हणाली, "भरा."

पण पुढची बादली खाली सोडायला बराच वेळ कोणी पुढे झालं नाही.